पत्र्यावर चिरे ठेवून छप्पर टिकत नाही

‘कैची पोकळ नळ्यांची, ती वाऱ्याला काय टिकणार? छप्पर कसं जड हवं!’ ‘निसर्ग’ चक्रीवादळापासून रायगड-रत्नागिरीत कैचीबद्दल, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याबद्दल, हे हमखास ऐकू येतं. खरं नाही ते.

३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला वादळ धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ताशी १२० चा वारा चौरस मीटरला साधारण ६५-७० किलोचा दाब देतो, आणि छपराला तो बहुतेक वरच खेचतो. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला जेमतेम ४०-४५ किलो. म्हणजे नुसत्या वजनाच्या भरवशावर कौलंही सुटतात. पत्र्यावरचे चिरे तर वाऱ्यात घरंगळून कुणाच्या तरी डोक्यात जायचे.

कैचीचं बळ आकारात आहे. चार पट्ट्यांना कोपऱ्यात एकेक बोल्ट मारून चौकोन करा, हातानं ढकलला की तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण ढकलून बघा, हलत नाही. त्रिकोणात भार सांध्यांवर आला की प्रत्येक नळी फक्त ताणली किंवा दाबली जाते, वाकवली जात नाही. म्हणून कमी लोखंडात काम भागतं. हेच त्रिकोण तिन्ही दिशांनी जोडले की स्पेस फ्रेम.

मग पत्रे का उडतात? बहुतेकदा सांध्यामुळे. पत्रा कैचीला धरून ठेवणारे वाकडे जे-हुक खारी हवा खाते, नाहीतर कैची भिंतीवर नुसतीच टेकवलेली असते. पावसाआधी गंजलेले हुक बदला, कैचीचे पाय भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टनं आवळून घ्या. चिरे गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला वापरा.