चित्रातली चूक आणि चित्रकारातली खोट

"डोळे वर चढलेत" आणि "मला चेहरे येतच नाहीत." ही दोन वाक्यं एकाच चित्रासमोर, एकाच डोक्यात, लागोपाठ उमटतात. दोन्ही बोचतात, म्हणून आपण दोन्हींना एकच नाव देतो: आत्मटीका. मग एकतर दोन्ही निमूट ऐकून घेतो, नाहीतर "नकारात्मक विचार नको" म्हणत दोन्हींना हाकलून देतो. पहिल्या प्रकारात उमेद जाते, दुसऱ्या प्रकारात चित्र आहे तिथेच राहतं.

पहिलं वाक्य चित्राबद्दल आहे आणि ते पडताळता येतं. पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा आणि टाळूपासून हनुवटीपर्यंतची उंची मोजायची. समोरून पाहिलं तर डोळे साधारण निम्म्यावर येतात. नवशिका हात मात्र ते वर सरकवतो, कारण नाक, डोळे, ओठ महत्त्वाचे वाटतात आणि कपाळ नि केसांचा भाग नुसता रिकामा. म्हणून तो नकळत आखडून घेतला जातो. एवढं कळलं की उपाय हातात असतो: खोडरबर घ्या, डोळ्यांची रेघ खाली आणा. दुसऱ्या वाक्याला कुठली पट्टी लावणार? त्यातलं काय पुसणार? "येतच नाहीत" मधला तो 'च' बघा. चित्रातल्या चुकीला 'च' लागत नाही. ती एका ठिकाणी असते, मोजून सापडते.

पहिल्याला मी चिकित्सा म्हणते, दुसऱ्याला कोसणं.

कागदावर फरक इतका सरळ दिसतो, मग प्रत्यक्षात घोळ का होतो? कारण कोसणं कधीच स्वतःच्या नावाने येत नाही. ते "माझे निकषच उच्च आहेत" असं म्हणत येतं. आणि निकष उच्च असणं ही तर कौतुकाची गोष्ट! फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने मे 1908 मध्ये, पॅरिसमधलं प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना, जलकमळांची निदान 15 चित्रं नष्ट केली. तेव्हा तो 67 वर्षांचा होता, नावाजलेला होता. प्रदर्शन पुढे गेलं आणि 1909 मध्ये 48 चित्रांनिशी भरलं. ही गोष्ट बहुधा परिपूर्णतेच्या ध्यासाची म्हणून सांगितली जाते. मला ती जरा वेगळी वाटते. नष्ट केलेली चित्रं खरंच फसली होती की त्या दिवशी ती त्याला बघवत नव्हती, हे आता कोणालाच ठरवता येणार नाही, कारण पुरावाच उरला नाही. चिकित्सेला फसलेलं चित्र समोर लागतं. कोसण्याला ते डोळ्यांआड झालेलं हवं असतं. एक मात्र दिसतं: नाव झालं, वय झालं म्हणून हा आवाज आपोआप थांबत नाही. तेव्हा "थोडी प्रगती झाली की बरं वाटेल" या आशेवर फार विसंबू नये.

उलट प्रगतीच्या काळात तो वाढतो, असा माझा अनुभव आहे. हातापेक्षा डोळा लवकर तयार होतो. चांगली चित्रं बघून बघून नजर पुढे गेलेली असते, हात अजून मागेच असतो. आणि कालपर्यंत बरं वाटणारं चित्र आज अचानक भिकार दिसतं. चित्र तेच असतं. नजर वाढली, ही त्यातली चांगली बातमी. पण कोसणारा आवाज ती "तू घसरलीस" अशा शब्दांत कळवतो. मी एकदा याच अवस्थेत दोन महिने वही उघडली नव्हती.

दोन्ही आवाज वेगळे करायची एक जुनी युक्ती चित्रकार लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत आहे. आपलं चित्र आरशात बघा, असं तो चित्रकारांना सांगतो; उलटं दिसल्यामुळे ते दुसऱ्याच कुणाच्या हातचं वाटतं आणि दोष नीट कळतात. अधूनमधून काम सोडून विश्रांती घ्या, लांब जाऊन बघा, हेही तो सांगतो. डोळे वर चढलेले असतील तर ते आरशातही वरच दिसतील. "मला येत नाही" मधला 'मला' मात्र गळून पडतो, कारण चित्र क्षणभर आपलं नसतं. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेले प्रयोग याच्याशी जुळतात: अवघड प्रसंगाआधी 'मी' न म्हणता स्वतःला नावाने हाक मारून विचार करणाऱ्यांना ताण कमी जाणवला.

"पण स्वतःला झापलं नाही तर मी आळशी होईन," ही भीती उरतेच. 2012 मध्ये ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. अवघड परीक्षेत फसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना सांगितलं, हे अनेकांना जड जातं, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहींना सांगितलं, तुम्ही हुशारच आहात. काहींना काहीच सांगितलं नाही. पुढच्या परीक्षेसाठी पहिल्या गटाने जास्त वेळ अभ्यास केला. मला त्यातला दुसरा गट जास्त बोलका वाटतो. "तू हुशारच आहेस" हेही माणसाबद्दलचंच वाक्य. तिथेही 'च' आहेच. म्हणून कोसण्यावर उतारा म्हणून "तू छान चित्रकार आहेस" असं आरशासमोर घोकणं मला पटत नाही. चर्चा पुन्हा चित्रकारावरच येते, आणि डोळे वरच राहतात.

हल्ली मी चित्र फाडत नाही. मागच्या बाजूला तारीख आणि एकच ओळ लिहिते. अट एवढीच की त्या ओळीत 'मी', 'मला' आणि 'च' येता कामा नये. पहिल्या पानामागे आहे: "अंगठा आखूड, मनगट जाड." तीन आठवड्यांनंतरच्या हातामागे: "अंगठा जमला. मनगटाखालची सावली कोळशाने फार काळी." गेल्या आठवड्यातल्या चेहऱ्यामागे: "डोळे अजून वर."