ओपन रिले, पोर्ट ४६५ आणि बाहेरगावी असलेला आपला माणूस

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा मेल सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळतोय, म्हणून हे लिहितोय. रिले (कुणाचीही मेल आपल्या सर्व्हरवरनं पुढं पाठवणं) उघडा ठेवणाऱ्या जुन्या लोकांना आता सर्रास अडाणी म्हणतात, ते मला पटत नाही. १९८२ साली एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) ठरलं तेव्हा सगळ्या मशिनी कायम जोडलेल्या नसायच्या, मग दुसऱ्याची मेल आपल्याकडं आली की पुढं ढकलायची हा साधा शेजारधर्म होता.

नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांनी त्याचाच फायदा घेतला. एक मेल आणि सोबत शेकडो पत्ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकायचे, लाइन त्याची भरणार, ब्लॅकलिस्टमध्ये नाव पण त्याचंच. शेवटी १९९८ ला सेंडमेल या मेल सर्व्हर प्रोग्रामचं ८.९ आलं त्यात रिले मुळातच बंद ठेवला होता.

पण खरा घोळ इथनं सुरू झाला, कारण रिले बंद केला की हुबळीच्या लॉजवर डायल-अप लावून बसलेला आपलाच सेल्सचा माणूस सर्व्हरला परका वाटतो. काहींनी फ्रॉममध्ये आपलं डोमेन असलं की सोडायचं ठरवलं, पण फ्रॉम काय कुणीपण लिहितो. मग पॉप-बिफोर-एसएमटीपी आलं, म्हणजे आधी मेल उतरवायची, तेवढ्यात लॉगिन होतं आणि तो आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) थोडा वेळ मोकळा. यातही माणसानं लाइन सोडली की तोच आयपी दुसऱ्याला मिळायचा, आणि सायबर कॅफेत तर सगळ्या कॅफेचा आयपी एकच. आमच्याकडं माझ्या आधी कुणीतरी डायल-अपवाल्याची अख्खी रेंजच मायनेटवर्क्समध्ये (बिनपासवर्ड रिले करू द्यायच्या आयपींच्या यादीत) टाकून ठेवली होती, ती सापडेपर्यंत आम्ही दोनदा ब्लॅकलिस्ट झालो आणि गिऱ्हाइकांना कोटेशन पोचेनात.

उपाय तसा लवकरच कागदावर आला होता. डिसेंबर १९९८ मध्ये आपल्या माणसांसाठी ५८७ हे वेगळं पोर्ट (सर्व्हरचं नंबर दिलेलं दार) ठरलं, मार्च १९९९ मध्ये एसएमटीपी ऑथ, म्हणजे मेल पाठवताना लॉगिन. सर्व्हर-सर्व्हरमधली मेल २५ वर, आपला माणूस पासवर्ड देऊन ५८७ वर.

आता ४६५ चं. १९९७ ला हे पोर्ट एसएमटीपीएससाठी नोंदवलं, म्हणजे जोडणी झाल्या झाल्या एन्क्रिप्शन. वर्षभरातच ते काढून घेतलं, कारण स्टार्टटीएलएस आलं, एकाच पोर्टवर साधं बोलणं सुरू करायचं आणि मग एन्क्रिप्शनवर जायचं. वेगळी पोर्टं वाया घालवायची नाहीत हा विचार वाईट नव्हता, पण मला तो निर्णय चुकीचाच वाटतो. मधला कुणी स्टार्टटीएलएसची घोषणाच खोडून टाकू शकतो, आणि 'असेल तर वापर' असं सेटिंग असलं की मेल प्रोग्राम पासवर्ड उघडा पाठवून मोकळा. शिवाय ४६५ वापरणाऱ्यांनी ते सोडलंच नाही, नोंद मात्र दुसऱ्याच कामाच्या नावावर, त्यामुळं जो तो 'ते जुनं झालंय, काढा' असं सांगायचा आणि आम्ही फोनवर पोरांना ४६५ का ५८७ हे समजावत बसायचो. जानेवारी २०१८ मध्ये ते अधिकृतपणे परत आलं आणि सुरुवातीपासूनच एन्क्रिप्शन असलेलं ते बरं असंही सांगितलं गेलं. त्यात वीस वर्षं गेली.

आता ओपन रिले क्वचितच सापडतो, स्पॅमवाले चोरलेल्या पासवर्डनं आत येतात, तेव्हा सर्व्हरला ते आपलेच वाटतात. म्हणून दर लॉगिनला तासाची मर्यादा घालावी लागते आणि लॉगिन एका पत्त्याचं, फ्रॉम दुसऱ्याचा असं चालू द्यायचं नाही. त्यात एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच आपल्या डोमेनची आहे हे पटवायची सोय) नसेल तर मोठे मेलवाले घेत नाहीत, २०२४ पासून तर फारच कडक झालेत, त्यामुळं बाहेरगावच्या माणसानं लॉजच्या वायफायवरनं असो की मोबाइलवरनं, मेल आपल्याच सर्व्हरमधून पाठवणं भाग आहे.

आमच्याकडं सध्या २५ वर ऑथ बंद आहे, सगळी पोरं ४६५ वर, आणि मायनेटवर्क्समध्ये ऑफिसातल्या दोन जुन्या स्कॅनरचे आयपी तेवढे, कारण त्यांना पासवर्ड देताच येत नाही.