अँजिओप्लास्टीनंतर धमनीचे छिद्र कसे बंद होते?

बडोद्यात दांडिया बाजाराकडच्या मराठी घरांत कोणाची अँजिओप्लास्टी झाली की किती स्टेंट बसवले याची चौकशी होते. नळी जांघेतून किंवा मनगटातून जिथे धमनीत शिरली त्या छिद्राचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक पहिल्या काही तासांतला रक्तस्राव बहुधा तिथूनच होतो.

सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची पद्धत स्वीडनचे सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. त्यामुळे धमनीपर्यंत कापत जाण्याची गरज उरली नाही. मात्र धमनी डोळ्यांना दिसतच नसल्याने साधा टाकाही घालता येईना. जांघेत म्हणून हातानेच दाबतात. सुई तिरपी शिरते, त्यामुळे धमनीतले छिद्र कातडीवरच्या छिद्राच्या किंचित वर असते आणि बोटे तिथेच, खाली खुब्याच्या हाडाचा आधार मिळेल अशी ठेवावी लागतात. साधारण १५ ते २० मिनिटांच्या दाबाखाली बिंबिका (रक्तातल्या प्लेटलेट) छिद्राच्या कडांना चिकटतात व फायब्रिन या प्रथिनाचे जाळे विणले जाते. ही गुठळी सुरुवातीला नाजूक असते. परिचारिका ‘पग सीधो राखजो’ (पाय सरळ ठेवा) असे पुन्हा पुन्हा बजावते ते त्यासाठीच.

हा वेळ वाचवणारी साधने आता आहेत. एका प्रकारात धमनीच्या आत छोटी पट्टी आणि बाहेर कोलॅजन या प्रथिनाचा बोळा बसतो, दोन्ही धाग्याने आवळले जातात व सुमारे ३ महिन्यांत विरघळतात. दुसऱ्यात धमनीच्या भिंतीतूनच टाका घेतात; जांघेतून हृदयाची झडप बसवताना छिद्र बरेच मोठे होणार असल्याने असे टाके आधीच घालून ठेवतात. रुग्ण लवकर चालू लागतो हे खरे, पण खर्च वाढतो आणि क्वचित जंतुसंसर्ग होतो किंवा धमनी तुंबते.

माझ्या मते शक्य तिथे मनगटच निवडावे. माँट्रियलच्या कँपो यांनी १९८९ मध्ये तिथून केलेल्या अँजिओग्राफीचे (हृदयाच्या धमन्यांच्या क्ष-किरण तपासणीचे) अनुभव प्रसिद्ध केले. मनगटातली धमनी उथळ असते, खाली हाड असते आणि हाताला दुसऱ्या धमनीचाही पुरवठा असतो. हवेच्या पट्ट्याने रक्तस्राव थांबेल एवढाच दाब देतात, कारण प्रवाह पूर्ण अडला तर ती धमनी कायमची बंद पडू शकते.

जांघेत अचानक सूज आली, पट्टी ओली लागली, किंवा कंबर दुखून घेरी आली, तर रुग्णाला उठवू नये, लगेच परिचारिकेला बोलवावे. पोटामागे साचणारे रक्त बाहेरून दिसत नाही.