होडी ओढायला कुठली पिकअप? आधी गाडीचं दार उघडा

एप्रिल संपता संपता मिनेसोटातल्या तळ्यांवरचा बर्फ वितळतो आणि मे महिन्यात वॉलाय माशाचा हंगाम सुरू होतो. दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी असलेलं हे राज्य. त्या शनिवारी सकाळी हायवेवर दर चार गाड्यांमागे एक होडी दिसते. माझा मावसभाऊ मूळचा मालवणचा, आता मिनिआपोलिसजवळ राहतो. मासळीचं वेड त्याने मालवणहूनच बरोबर आणलंय. गेल्या वर्षी त्याने सोळा फुटी ॲल्युमिनियमची जुनी होडी घेतली आणि मग ती ओढायला गाडी शोधायला लागला. एका रात्री त्याचा मेसेज आला: "दादा, ही पिकअप साडेसहा हजार पौंड ओढते. आपली होडी दोन हजारांच्याही आत आहे. घेऊन टाकू का?"

मी त्याला लिहिलं, "आधी ड्रायव्हरचं दार उघड आणि चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो पाठव."

त्या स्टिकरकडे वळण्याआधी होडीचं वजन पाहू. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा जवळजवळ नेहमीच नुसत्या सांगाड्याचा असतो. भावाच्या होडीचा सांगाडा ३४० किलोचा. त्यावर साठ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन साधारण ११५ किलो, ट्रेलर २२० किलो, ४५ लिटर पेट्रोलचे ३३ किलो, तीन बॅटऱ्यांचे ६९ किलो. नांगर, लाइफ जॅकेटं, गळ-दोऱ्यांच्या पेट्या मिळून आणखी सत्तरेक किलो. बेरीज ८५० किलोच्या आसपास, म्हणजे पावणेएकोणीसशे पौंड. कागदावरच्या सांगाड्याच्या अडीच पट! अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर मोठे वजनकाटे असतात. थोडे पैसे भरून ट्रेलरसकट सगळं तोलून घेता येतं. होडी घेतल्यावर पहिलं काम हेच करावं, असं मला मनापासून वाटतं.

आता ते साडेसहा हजार. हा आकडा हवेतून आलेला नसतो. गाडी किती वजन ओढू शकते हे ठरवायला 'जे २८०७' नावाचं एक मानक आहे. टोयोटाने ते २०११च्या मॉडेलांपासून सर्वांत आधी पाळलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या नंतर आल्या. त्यातली एक परीक्षा ॲरिझोनात, कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे अठरा किलोमीटर लांब, वाळवंटातला रस्ता, किमान ३८ अंश तापमान, एसी पूर्ण थंडवर. एवढं असताना ट्रेलरसह गाडीचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. शिवाय बारा टक्के चढावर थांबून पुन्हा पुन्हा निघायचं, पुढेही आणि मागेही. परीक्षा कडक आहे, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण या परीक्षेत गाडीत माणसं किती धरतात? दोन, प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची. मासे धरायला जाणारं आपलं कुटुंब या हिशेबात बसत नाही.

म्हणून दाराची चौकट. तिथल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर कधीही जाऊ नका. हा पेलोड. तो त्या एका गाडीचा असतो, तिच्यात जे जे बसवून ती कारखान्यातून निघाली ते धरून काढलेला. माहितीपत्रकातला पेलोड सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो, त्यामुळे तो आकडा मोठा दिसतो. भावाने पाठवलेल्या फोटोत आकडा होता १,१५५ पौंड, म्हणजे ५२४ किलो. मागच्या हौद्यावर फायबरचं टोपण होतं, ते नंतर बसवलेलं, ८० किलोचं. चार मोठी माणसं ३२० किलो. बर्फाची पेटी ४०, हत्यारं आणि ट्रेलर जोडायचा सांधा, म्हणजे हिच, २०. झाले ४६०. अजून होडी जोडलेलीच नाही, आणि उरले ६४ किलो.

होडी तर मागे चाकांवर चालते, मग तिचं वजन यात का धरायचं, असं त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मला बैलगाडीची मदत घ्यावी लागली.

बैलगाडीला एकच आस असते. धान्याची पोती आसाच्या मागे जास्त लादली तर गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि बैलांचा गाडीवरचा ताबा जातो. फार पुढे लादली तर सगळा भार मानेवर येतो, बैल दमतात. म्हणून जाणता गाडीवान पोती रचताना आसाच्या किंचित पुढे झुकतं माप ठेवतो. होडीचा एक आसाचा ट्रेलर म्हणजे हुबेहूब तीच गाडी. बैलांच्या मानेच्या जागी पिकअपच्या मागचा गोळा, ज्यावर ट्रेलरची दांडी बसते. त्या गोळ्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार यावा, अशी अमेरिकेतली रीत आहे. आमच्या ८५० किलोंचे दहा टक्के म्हणजे ८५ किलो. हे ८५ किलो गाडीने अंगावर घेतलेले असतात, म्हणून ते पेलोडमध्ये धरायचे. बेरीज ५४५. मर्यादा ५२४. ओढण्याचा आकडा होडीच्या वजनाच्या तीन पटींहून जास्त असताना गाडी आधीच भरून ओसंडली होती!

त्यातही हा भार मागच्या चाकांच्या बराच मागे लोंबतो. आसापासून १.२ मीटर मागे गोळा आणि दोन आसांमधलं अंतर ३.३ मीटर धरा. सी-सॉवर लहान मूल टोकाला बसलं की दुसरी बाजू उचलली जाते, तसं होतं: मागच्या चाकांवर ८५ नाही, तर ११६ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ३१ किलो कमी होतात. ज्या चाकांनी गाडी वळवायची तीच हलकी पडतात. दोन आसांमधलं अंतर कमी असलेल्या आखूड गाडीत हे जास्त जाणवतं.

मग गोळ्यावर भार कमीच ठेवावा का? अजिबात नाही. वजन आसाच्या मागे गेलं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला, हवेचा झोत बसला, ट्रेलर थोडा डावीकडे गेला. मागचा जड भाग त्याला आणखी पलीकडे नेतो, मग तो परतताना तितकाच उजवीकडे जातो. कमी वेगात टायरांचं घर्षण हे डोलणं जिरवतं. एका ठरावीक वेगाच्या वर ते जिरत नाही, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. आपल्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उतारावर जरा वेगात आला की मागची ट्रॉली कशी झुलते, ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. असं झालं तर जोरात ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंगशी झटापट करू नये; ॲक्सिलरेटरवरून पाय काढून वेग आपोआप उतरू द्यावा.

मासेमारीच्या होडीत हा धोका घडणीतच असतो. इंजिन अगदी टोकाला, पेट्रोलची टाकी मागे, बॅटऱ्या बहुधा मागे. माशांच्या टाकीत पाणी राहिलं तर तेही बऱ्याच होड्यांत मागेच. मिनेसोटात तळ्यावरून निघताना बुडाचं बूच काढून होडीतलं सगळं पाणी सोडून देणं कायद्याने सक्तीचं आहे, कारण झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले त्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. तळ्यांसाठी केलेल्या या कायद्याने गाडीवाल्याचंही भलं होतं. गोळ्यावरचा भार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ट्रेलर सपाट ठेवून दांडीच्या टोकाखाली फळी आणि घरातला वजनाचा काटा ठेवला की झालं. आमच्या होडीचा भार पहिल्यांदा भरला फक्त ३८ किलो. ट्रेलरवरचा पुढचा खांब, ज्याला होडीचं नाक टेकतं, तो नट सैल करून थोडा पुढे घेतला, होडी तेवढी पुढे ओढली, दोन बॅटऱ्या नाकाकडे हलवल्या. काटा ८६ वर आला.

इंजिनाच्या ताकदीबद्दल मी फार लिहिणार नाही. जाहिराती याच गोष्टीवर चालतात आणि छोट्या होडीसाठी तिचंच महत्त्व सगळ्यात कमी आहे. २,१०० किलोची पिकअप, ३०० किलो माणसं-सामान आणि ८५० किलोची होडी, मिळून ३,२५० किलो. अमेरिकेतल्या इंटरस्टेट रस्त्यांवर सहसा सहा टक्क्यांहून जास्त चढ नसतो. तो ताशी ९० किलोमीटरने चढायला, हवा आणि टायरांचा विरोध धरून, जेमतेम शंभर हॉर्सपॉवर पुरते. फोर्ड मॅव्हरिकसारख्या लहान पिकअपच्या हायब्रिड इंजिनातही १९० च्या आसपास असते. तिच्या बाबतीत बघायचं ते वेगळंच: टो पॅकेज, म्हणजे ओढण्यासाठीची जादा सामग्री, नसेल तर तिची मर्यादा २,००० पौंड, पॅकेज असेल तर ४,०००. आमची होडी पहिल्या मर्यादेला घासून जाते. पॅकेज कारखान्यातूनच आलेलं हवं. नुसता मागे गोळा बसवून घेतल्याने गाडीची मर्यादा वाढत नाही.

खरी कसोटी उतारावर. दोनशे मीटर उंचीवरून ३,२५० किलो खाली आणले तर सुमारे ६४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत वीस लिटर पाणी उकळीला येईल. ताशी शंभरच्या वेगातून गाडी पूर्ण थांबवताना जितकी उष्णता निघते, तिच्या ही पाचपट. सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये कोंबली तर ब्रेक तापून पकड सोडतात. मिनेसोटात तीन हजार पौंडांखालच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही, त्यामुळे छोट्या होडीच्या ट्रेलरला बहुधा ब्रेक नसतोच. जमत असेल तर 'सर्ज ब्रेक' असलेला ट्रेलर घ्यावा. गाडी हळू झाली की ट्रेलर मागून ढकलतो आणि तोच धक्का दांडीतला दट्ट्या दाबून ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लावतो. पुन्हा पुन्हा पाण्यात बुडणाऱ्या चाकांवर विजेच्या ब्रेकपेक्षा हा जास्त टिकतो. बाकी घाटातल्या ट्रकवाल्यांचा नियम इथेही चालतो: ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं.

आणि मग रॅम्प. तळ्याकाठी काँक्रीटचा उतार, बारा ते पंधरा टक्के, खालच्या टोकाला शेवाळ. गाडी मागे घेत ट्रेलर पाण्यात घालायचा, होडी तरंगली की सोडायची. ते सोपं. संध्याकाळी होडी बाहेर काढताना पिकअपची मागची चाकं नेमकी त्या शेवाळावर असतात आणि पुढची कोरड्या काँक्रीटवर. चौदा टक्के उतारावर आमचा सगळा लवाजमा वर खेचायला साधारण ४,४०० न्यूटन बल लागतं. रिकाम्या हौद्याची पिकअप मागून हलकी असते. ओल्या शेवाळावर मागच्या दोन चाकांना माझ्या अंदाजाने ३,७०० न्यूटनच्या आसपासच पकड मिळते. चाकं जागच्या जागी फिरतात, टायरचा जळका वास येतो, मागे रांग लागते. नुसती पुढची चाकं चालवणारी गाडी असेल तर ती कोरड्यावर असतात खरी, पण चढावर भार मागे सरकतो आणि दांडीचा भार त्यांना आणखी उचलतो. चारही चाकं फिरली तर पकड गरजेच्या दुपटीहून जास्त होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: होडीसाठी पिकअप घेताना मोठ्या इंजिनाचे पैसे वाचवावेत आणि फोर-व्हील ड्राइव्हवर घालावेत.

रॅम्पवर पोचल्या पोचल्या होडी पाण्यात घालू नये, पाच-दहा मिनिटं थांबावं. हायवेवरून आलेलं चाकाचं बेअरिंग तापलेलं असतं. ते एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, साठ अंशांवरून पंधरावर आली तर तिचा सातवा-आठवा भाग कमी होतो, आणि ती पोकळी भरायला सीलच्या फटीतून पाणी आत शिरतं. महिन्या-दोन महिन्यांत ग्रीसचं दुधाळ लोणी होतं आणि कुठल्यातरी हायवेच्या कडेला चाक बसतं.

भावाने ती पहिली गाडी सोडली. दीड महिना शोधून मध्यम आकाराची, चार वर्षं जुनी, फोर-व्हील ड्राइव्ह आणि कारखान्यातलं टो पॅकेज असलेली पिकअप घेतली, टोपणाशिवाय. दारावरचा आकडा १,३४० पौंड. जूनमध्ये आम्ही चौघं सुपीरिअर सरोवराला निघालो. डुलुथच्या अलीकडे थॉम्पसन टेकडीवर आलं की समोर एकदम ते अथांग निळं पाणी उघडतं आणि रस्ता बंदराकडे खाली सुटतो. त्याने वरच टो-हॉलचं, म्हणजे ओझं ओढताना वापरायचं, बटण दाबून गिअर उतरवला. इंजिन घुमायला लागलं, गाडी ताशी ऐंशीवर बांधल्यासारखी राहिली, ब्रेकला त्याने दोनदाच पाय लावला. खाली पोचल्यावर तो उतरला, ट्रेलरच्या चाकाच्या मधोमध हात लावून पाहिला आणि मला म्हणाला, "दादा, कोमटच आहे. दहा मिनिटं थांबू, मग घालू पाण्यात."