आशिया चषक टेबल टेनिस स्पर्धा

आशिया खंडातील अव्वल खेळाडूंसाठी घेतली जाणारी टेबल टेनिसची आंतरराष्ट्रीय एकेरी स्पर्धा. पुरुष एकेरी आणि महिला एकेरी असे दोनच विभाग तिच्यात असतात. सांघिक, दुहेरी व मिश्र दुहेरी लढती होत नाहीत. पहिली स्पर्धा १९८३ मध्ये चीनमधील वूशी या शहरात झाली. आशियाई टेबल टेनिस संघटना तिची मुख्य आयोजक असून आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा तिच्यात सहभाग असतो. नागपुरात ‘आशिया चषक’ म्हटले की क्रिकेटच डोळ्यांसमोर येते, कारण जामठ्याच्या मैदानाने शहराला त्या खेळाची सवय लावली आहे. वयाचा मान मात्र टेबल टेनिसकडे जातो. क्रिकेटचा आशिया चषक १९८४ मध्ये शारजात सुरू झाला, म्हणजे या स्पर्धेनंतर वर्षभराने.

आशियाई अजिंक्यपद ही वेगळी स्पर्धा आहे आणि बातम्यांमध्ये दोहोंची वारंवार गल्लत होते. अजिंक्यपद स्पर्धा आजच्या संघटनेच्या छत्राखाली १९७२ पासून, बीजिंगपासून, चालू आहे. तिच्यात सांघिक आणि दुहेरी लढतीही असतात आणि सदस्य देश आपापले पूर्ण संघ पाठवतात. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ १९५८ च्या टोकियोपासून आहे. चषकात संघ उतरत नाही. जागतिक क्रमवारीवरून निवडलेले मोजके खेळाडू एकेकटे उतरतात आणि एका सदस्य संघटनेला किती जागा मिळाव्यात यावर मर्यादा असते. ही मर्यादा नसती तर ड्रॉचा, म्हणजे खेळाडूंच्या लढती ठरवणाऱ्या तक्त्याचा, मोठा भाग चीन आणि जपान यांनीच व्यापला असता. हाँगकाँग, मकाव आणि चिनी तैपेई (म्हणजे तैवान) या स्वतंत्र सदस्य संघटना असल्याने त्यांचे खेळाडू चीनच्या वाट्यात धरले जात नाहीत.

खेळाडूंची संख्या कमी म्हणून स्पर्धा सोपी, असा समज करून घेऊ नये. टेबल टेनिस १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दाखल झाले. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत दिल्या गेलेल्या ४२ सुवर्णपदकांपैकी ३७ चीनने, ३ दक्षिण कोरियाने आणि १ जपानने जिंकले. उरलेले एकमेव सुवर्ण स्वीडनच्या यान-ओव्हे वाल्डनर याचे, १९९२ च्या बार्सिलोनाचे. इतर खेळांत खंडीय स्पर्धा ही जागतिक स्पर्धेच्या खालची पायरी असते. इथे तसे मानणे चुकीचे ठरेल, कारण युरोपातील काही मोठी नावे वगळली तर जगातील सर्वांत बलवान खेळाडू आशियातच आहेत. आशिया चषकात पहिल्याच सामन्यात पहिल्या दहांतला प्रतिस्पर्धी समोर येणे हे नेहमीचे आहे.

हे वर्चस्व आशियाकडे आले त्याची सुरुवात मुंबईत झाली, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९५२ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली. आशियात भरलेली ती पहिली जागतिक स्पर्धा. तोवर या खेळावर हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, इंग्लंड अशा युरोपीय देशांचे राज्य होते. बॅटवर बारीक दाण्यांचे कडक रबर असे आणि फटक्याचा टक् असा स्वच्छ आवाज येई. अनुभवी खेळाडू त्या आवाजावरूनही चेंडूचा वेग ओळखत. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तिच्यावरून चेंडू जवळजवळ आवाज न करता सुटे आणि अनपेक्षित वेगाने येई. नावाजलेल्या युरोपीय खेळाडूंना अंदाजच येईना, आणि सातोने पुरुष एकेरीचे विजेतेपद पटकावले. पुढे १९५९ मध्ये महासंघाने रबर आणि स्पंज यांची एकत्रित जाडी ४ मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली. त्याच वर्षी रोंग गुओतुआन डॉर्टमुंडमध्ये चीनचा पहिला जागतिक विजेता ठरला. १९८३ मध्ये चषक सुरू झाला तेव्हा खेळाचे केंद्र युरोपातून हलून बराच काळ झाला होता.

स्पर्धेची रचना अनेकदा बदलली आहे. बरीच वर्षे प्रत्येक विभागात १६ खेळाडू असत, आधी गटवार साखळी सामने होत आणि नंतर क्रमांक निश्चित करणाऱ्या लढती. त्यामुळे पाचवा, सहावा अशी स्थानेही अधिकृतपणे ठरत. २०२२ मध्ये बँकॉक येथे थेट बाद फेरी ठेवली गेली. सामने जास्तीत जास्त सात गेमचे, चार गेम जिंकणारा विजयी, आणि एक पराभव म्हणजे परतीचे तिकीट. २०२५ च्या शेन्झेन स्पर्धेत खेळाडूंची संख्या ३२ झाली, त्यांचे चारचारचे आठ गट पाडले गेले आणि प्रत्येक गटातील पहिले दोघे उपउपांत्यपूर्व फेरीत गेले. वाढीव संख्येचा लाभ भारतासारख्या दुसऱ्या फळीतील देशांना होतो, कारण गटात एक सामना गमावूनही पुढे जाण्याची वाट उघडी राहते. विश्वचषकाच्या पात्रतेशीही या स्पर्धेचा संबंध आहे. तिथली कामगिरी त्या वर्षीच्या विश्वचषकाचे दार उघडू शकते.

विजेत्यांच्या यादीत चिनी नावांचीच गर्दी आहे. २०१७ मध्ये पुरुषांत लिन गाओयुआन, २०१८ आणि २०१९ मध्ये फॅन झेनडाँग, तर महिलांत या तिन्ही वर्षी झू युलिंग विजेती होती. हीच झू युलिंग पुढे मकावकडून खेळू लागली. २०२० ची स्पर्धा चीनच्या हाइनान बेटावर होणार होती. कोविडच्या साथीमुळे ती रद्द झाली. बँकॉकला २०२२ मध्ये जपानच्या तोमोकाझू हारिमोतोने पुरुषांचा चषक जिंकून ही रांग मोडली.

भारताने अलीकडच्या काळात दोनदा यजमानपद भूषवले : २०१५ मध्ये जयपूर आणि २०१७ मध्ये अहमदाबाद. खेळाडूंच्या बाजूने पाहिले तर पुरुषांत जी. साथियनने २०१९ मध्ये योकोहामात सहावे स्थान मिळवले. त्या फळीतील खेळाडूंमध्ये सहावा येणे काय असते, हे वर दिलेल्या ऑलिंपिकच्या आकड्यांवरून कळते.

भारतासाठी या स्पर्धेतील सर्वांत मोठी घटना नोव्हेंबर २०२२ मध्ये बँकॉकला घडली. मनिका बत्रा तेव्हा जागतिक क्रमवारीत ४४ वी होती. पहिल्याच फेरीत तिच्यासमोर सातव्या क्रमांकाची चीनची चेन शिंगटाँग आली. मनिकाने तो सामना ४–३ असा जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत चिनी तैपेईच्या चेन झू-यू हिलाही तिने ४–३ असेच नमवले. उपांत्य फेरीत जपानची मिमा इतो २–४ ने भारी पडली. ब्राँझपदकाच्या लढतीत मात्र मनिकाने सहाव्या क्रमांकाच्या हिना हायाताला ४–२ असे हरवले. आशिया चषकात पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. दोन सामने सातव्या गेमपर्यंत ताणून जिंकणे आणि उपांत्य फेरीतील पराभवानंतर पुन्हा तितक्याच तयारीच्या जपानी खेळाडूसमोर उभे राहणे, यातला कस केवळ पदकाच्या रंगावरून मोजता येत नाही.

मनिकाच्या खेळाचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. ती बॅकहँडच्या बाजूला लांब दाण्यांचे रबर वापरते, ज्याला खेळाडू ‘लाँग पिंपल’ म्हणतात. साध्या रबरावर चेंडू पकड घेतो आणि खेळाडू त्याला हवी तशी फिरकी देतो. लांब दाणे चेंडू आदळताच वाकतात, नवी फिरकी फारशी देत नाहीत, आणि आलेली फिरकी बऱ्याच अंशी उलटी करून परत पाठवतात. जोरदार टॉपस्पिन, म्हणजे चेंडू पुढच्या दिशेने फिरवणारा फटका, मारणाऱ्याला आपलाच फटका खाली बसणाऱ्या चेंडूच्या रूपात परत मिळतो. बॅटच्या दोन बाजू वेगवेगळ्या रंगांच्या असाव्या लागतात, त्यामुळे कोणत्या रबराने फटका आला हे समोरच्याला दिसते. मनिका खेळता खेळता बॅट हातात फिरवते आणि हे ओळखायला क्षणभराचाच वेळ उरतो. वेगावर पोसलेल्या चिनी आणि जपानी खेळाडूंना असा खेळ रोज भेटत नाही, हे तिच्या विजयांमागचे एक कारण धरता येईल. पण केवळ रबराने कोणी ब्राँझ जिंकत नाही. तिचा फोरहँडचा हल्ला तितकाच धारदार होता.

नागपूरहून प्रेरणा एक्सप्रेसच्या एका प्रवासाच्या अंतरावर, अहमदाबादला, ही स्पर्धा आली ती सप्टेंबर २०१७ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात बॅडमिंटनची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि सायना नेहवालने पी. व्ही. सिंधूला अंतिम सामन्यात हरवलेले नागपूरकरांनी प्रत्यक्ष पाहिले. अशी गर्दी एका इनडोअर खेळासाठी जमू शकते हे त्या आठवड्यात दिसले. टेबल टेनिसला जागाही कमी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एका टेबलाभोवती किमान १४ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच मोकळी जागा हवी, आणि बॅडमिंटनच्या हॉलमध्ये ती सहज निघते.

नागपुरातली खरी अडचण हवेची आहे. चेंडू अवघा २.७ ग्रॅमचा असतो, आणि पारा ४५ अंशांच्या घरात जातो त्या दिवसांत हॉलमध्ये कूलर लावावेच लागतात. कूलरचा झोत टेबलावर आला की उंच सर्व्हिस भरकटते. त्याहून त्रासदायक म्हणजे कूलरची ओल. दमट हवेत रबराची पकड सुटते, टॉपस्पिनचा फटका निसटून जाळ्यात जातो, आणि मुलांना दर काही गुणांनी बॅट टॉवेलला पुसावी लागते. कूलर बंद केले तर वैशाखात तासभर सराव करणेही कठीण. म्हणून विदर्भात उन्हाळी शिबिरे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा घेणेच शहाणपणाचे. दिवाळीनंतरची कोरडी थंड हवा या खेळाला फार मानवते. बँकॉकची स्पर्धा नोव्हेंबरात आणि शेन्झेनची फेब्रुवारीत झाली, म्हणजे नागपुरातल्या खेळाच्या उत्तम मोसमातच.

सामने पाहण्याच्या वेळाही सोयीच्या पडतात. बँकॉकचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास, शेन्झेनचे अडीच तास आणि योकोहामाचे साडेतीन तास पुढे आहे. तिथली संध्याकाळची उपांत्य लढत इथे दुपारच्या चहाच्या वेळी सुरू असते. युरोपातल्या स्पर्धांसारखे रात्री जागावे लागत नाही, त्यामुळे शाळकरी खेळाडूंनाही सामने थेट पाहता येतात. प्रशिक्षकांनी मुलांना सातव्या गेममधल्या सर्व्हिस आवर्जून पाहायला लावाव्यात. ९–९ वर कोण कोणती सर्व्हिस काढतो, यातून जे शिकता येते ते तक्त्यावर समजावता येत नाही.

नागपूरच्या टेबलापासून या ड्रॉपर्यंतची वाट लांब असली तरी स्पष्ट आखलेली आहे. आधी जिल्हा निवड, मग राज्य मानांकन स्पर्धा, मग ११, १३, १५, १७ आणि १९ वर्षांखालील राष्ट्रीय गट, आणि पुढे वरिष्ठ राष्ट्रीय मानांकन. तिथून भारताच्या पहिल्या काही नावांत येणाऱ्यालाच परदेशी स्पर्धांत नियमित खेळण्याची संधी मिळते, आणि जागतिक क्रमवारीचे गुण त्याच स्पर्धांमधून जमतात. ही क्रमवारी दर आठवड्याला नव्याने लागते आणि तिच्यात गेल्या बारा महिन्यांतील आठ सर्वोत्तम निकाल धरले जातात. परदेशवारीचा खर्च ही या वाटेवरची सर्वांत अवघड चढण आहे आणि विदर्भातील बहुतेक कुटुंबांना ती प्रायोजक किंवा नोकरीच्या आधाराशिवाय पेलत नाही. प्रत्येक संघटनेच्या जागा मोजक्या असल्याने चषकाचे तिकीट मिळवताना भारतीय खेळाडूची पहिली चुरस चिनी किंवा जपानी खेळाडूशी नसते. ती शेजारच्याच टेबलावर सराव करणाऱ्या आपल्याच देशाच्या खेळाडूशी असते.