इम्पोर्टेड बिअर आणि लायसन्सची बिअर: फरक नेमका कुठे पडतो?

‘दुबईहून आणलेली हायनेकेन वेगळीच लागते, आपल्याकडची म्हणजे नुसतं पाणी.’ मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही परमिट रूममध्ये हे वाक्य कानावर पडतं. बोलणाऱ्याला फरक जाणवलेला असतो, त्याबद्दल शंका नाही. पण त्याची जी कारणं तो देतो, म्हणजे इथे काहीतरी भेसळ करतात, इथलं पाणी चांगलं नाही, ती बहुतेक वेळा टिकत नाहीत. बिअर दोन ठिकाणी बदलू शकते: कारखान्यात आणि वाटेत. लायसन्सवर बनलेली बिअर बदलली तर कारखान्यात बदलते, आयात केलेली वाटेत बदलते. वाटेतला बदल कुणी हिशेबातच धरत नाही, आणि आपल्या हवेत तोच जास्त महागात पडतो असं माझं मत आहे.

आधी दोन्ही गोष्टी नीट वेगळ्या करू. आयात केलेली बिअर तिकडेच बनते, तिकडेच बाटलीत भरली जाते आणि कंटेनरमधून इकडे येते. लायसन्सच्या बिअरमध्ये ब्रँडचा मालक दुसऱ्या देशातल्या कारखान्याला आपलं नाव, पाककृती आणि बिअर आंबवणारं यीस्ट वापरायची परवानगी देतो आणि त्याबद्दल रॉयल्टी घेतो. यात एक मधला प्रकारही आहे, जिथे परदेशातला कारखाना मालकाच्या स्वतःच्याच कंपनीचा असतो. आपली हायनेकेन २०११ पासून युनायटेड ब्रुअरीजच्या तळोज्याच्या कारखान्यात बनू लागली, तेव्हा तो सरळ लायसन्सचा मामला होता. २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीजचे बहुसंख्य शेअर हायनेकेनकडे गेले, म्हणजे आता सगळं एकाच घरातलं. फॉस्टर्सचंही तसंच. ऑस्ट्रेलियन नावाची ही बिअर नव्वदच्या दशकाच्या शेवटी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, फॉस्टर्सच्याच भारतीय कंपनीने बनवायला घेतली आणि २००६ मध्ये तो धंदा सॅबमिलर या बहुराष्ट्रीय बिअर कंपनीने विकत घेतला. कागदपत्रं वेगवेगळी असली तरी पिणाऱ्यापुढचा प्रश्न एकच राहतो: नाव तिकडचं आणि बिअर इकडची, तर चव कुणाची?

मोठे ब्रँड एका गोष्टीत अजिबात तडजोड करत नाहीत, ती म्हणजे यीस्ट. हायनेकेनचं ‘ए-यीस्ट’ १८८६ मध्ये डॉ. हार्टोग एलियन यांनी वेगळं केलं. त्याच्या तीनच वर्षं आधी कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत बसवली होती. लायसन्सचा सगळा धंदा याच शोधावर उभा आहे. यीस्ट शुद्ध आणि कायम एकसारखं ठेवता आलं नसतं, तर ॲमस्टरडॅमची बिअर रायगड जिल्ह्यात बनवायचा विचारही कुणी केला नसता. आजही हायनेकेनचं यीस्ट नेदरलँड्सहून जगभरच्या कारखान्यांना जातं, आणि त्या कारखान्यांमधले नमुने चाखण्यासाठी उलट नेदरलँड्सला पाठवले जातात.

पाण्याचा बाऊ मात्र गरजेपेक्षा जास्त होतो. चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनचं मऊ पाणी किंवा इंग्लंडमधल्या बर्टनचं जिप्समयुक्त पाणी यांनी एकेकाळी त्या त्या गावाची बिअर घडवली, हे खरं आहे. आजचा कारखाना मात्र येणाऱ्या पाण्यातले क्षार आधी काढून टाकतो आणि मग पाककृतीला हवे तेवढेच परत घालतो. त्यामुळे चवीपुरता पाण्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. गावापुरता तो सुटलेला नाही. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बिअर आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी कापण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता. बिअर इथे बनते म्हणजे ती इथलं पाणी पिते, आणि जिथे टँकरवर गावं जगतात तिथे ही गोष्ट चवीपेक्षा मोठी आहे. ब्रँडच्या जाहिरातीत ती कधी दिसत नाही.

मग कारखान्यात चव खरोखर बदलते ती कशामुळे? दोन गोष्टींमुळे: कर आणि धान्य.

कराचं उदाहरण ब्रिटनचं. १९६९ पासून तिथे व्हिटब्रेड ही कंपनी लायसन्सवर हायनेकेन बनवत होती. त्या बिअरमध्ये अल्कोहोल होतं साधारण ३.४ टक्के, आणि नेदरलँड्समधल्या हायनेकेनमध्ये ५ टक्के. तेव्हाचा ब्रिटिश कर आंबवण्याआधीच्या धान्याच्या रसात साखर किती आहे त्यावर बसायचा, म्हणजे बिअर जितकी कडक तितका कर जास्त. शिवाय पबमध्ये बसून एकामागून एक पाइंट रिचवणाऱ्याला हलकी बिअरच सोयीची होती. त्यामुळे नाव, लेबल, रंग सगळं हायनेकेनचं राहिलं आणि आतली बिअर दुसरीच झाली. ब्रिटनमधल्या दोन पिढ्यांसाठी हायनेकेन म्हणजे तीच पातळ लागर (थंडाव्यात आंबवलेली, बहुधा फिकट रंगाची बिअर). अखेर २००३ मध्ये कंपनीने ती बंद केली आणि नेदरलँड्सची ५ टक्क्यांची बिअर आणायला सुरुवात केली. स्टेला आर्टोइसचंही ब्रिटनमध्ये असंच होत आलं आहे. एकेकाळी ५.२ टक्के असलेली ही बिअर २००८ मध्ये ५ वर आली, २०१२ मध्ये ४.८ वर आणि त्यानंतर ४.६ वर. कुणी चोरून काही केलं नाही, प्रत्येक वेळी आकडा लेबलवर छापलेला होता. पण तो आकडा वाचतो कोण?

धान्याचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं वाटावं असं आहे, कारण त्यात ज्वारी आहे. आयर्लंडच्या गिनेसची ‘फॉरिन एक्स्ट्रा स्टाउट’ ही काळी, कडक बिअर. तिचं मूळ डब्लिनमधल्या १८०१ च्या एका पाककृतीत सापडतं. समुद्रावरून दूर पाठवायची म्हणून त्या पोर्टरमध्ये, म्हणजे गडद बिअरमध्ये, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि अल्कोहोल दोन्ही वाढवलेले होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नायजेरियात लागोसजवळ इकेजा इथे गिनेसचा कारखाना उभा राहिला. पुढे १९८८ मध्ये नायजेरियाच्या सरकारने परकीय चलन वाचवण्यासाठी बार्ली माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, आयातीवर बंदी घातली. त्या देशात बार्ली पिकत नाही म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या कुठल्या ब्रँडने गाशा गुंडाळला असता. तिथल्या कारखान्यांनी ज्वारी आणि मका वापरायला सुरुवात केली.

हे सोपं काम नाही. बार्लीच्या दाण्यावरचं टरफल गाळणीचं काम करतं. ज्वारीला तसं टरफल नसतं, त्यामुळे रस गाळायचा कसा इथूनच अडचण सुरू होते. ज्वारीतला स्टार्च जास्त तापमानाला शिजतो, आणि त्या तापमानाला माल्टमधले स्टार्चची साखर करणारे एन्झाइम टिकत नाहीत. त्यामुळे बाहेरून एन्झाइम घालावे लागतात. मग ही बिअर गिनेस कशी? तर डब्लिनहून भाजलेल्या बार्लीचा आणि हॉप्सचा दाट काळा अर्क येतो. इकडे ज्वारी-मक्याची फिकट बिअर आंबवतात, त्यात ठरलेल्या प्रमाणात हा अर्क मिसळतात आणि ७.५ टक्क्यांची काळी स्टाउट तयार होते. २०२४ मध्ये गिनेसची मालक कंपनी डियाजिओने गिनेस नायजेरियातला आपला हिस्सा सिंगापूरच्या तोलाराम समूहाला विकला, त्यामुळे आता ही बिअर शब्दशः लायसन्सची झाली आहे.

चवीत ती डब्लिनच्या स्टाउटसारखी नाही, जास्त गोडसर आणि जाड आहे. पण तिला नक्कल म्हणणं मला पटत नाही. लंडनमधले नायजेरियन लोक डब्लिनची गिनेस हाताशी असताना लागोसहून आलेली ही बाटली मागून घेतात. म्हणजे तिथे लायसन्सचीच बिअर इम्पोर्टेड म्हणून विकली जाते, आणि मूळ गावाच्या बिअरपेक्षा तिला मान आहे. ज्या धान्याची आपण भाकरी थापतो त्या धान्यावर एक जगप्रसिद्ध स्टाउट इतकी वर्षं उभी आहे, ही बिअरच्या इतिहासातली कौतुकाची गोष्ट आहे आणि आपल्याकडे ती जवळजवळ कुणाला माहीत नाही.

आता आयात केलेल्या बाटलीकडे वळू. कारखान्यातून निघाली तेव्हा ती अस्सलच होती. पुढे ती बंदरावर थांबते, काही आठवडे समुद्रावर असते, न्हावा शेवाला उतरते, कस्टम्स आणि एक्साइजच्या सोपस्कारांत पडून राहते, मग गोदामात, मग दुकानात. शीत कंटेनर महाग पडतो, म्हणून बरीचशी बिअर साध्या कंटेनरमधूनच येते. बिअर ही पावासारखी आहे, भट्टीजवळच ती खरी. बाटलीत राहिलेला थोडासा ऑक्सिजन हळूहळू काम करत राहतो आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हे काम दुपटी-तिपटीने जलद होतं. फ्रीजमध्ये जे व्हायला वर्ष लागेल ते एप्रिलमधल्या पत्र्याच्या गोदामात काही आठवड्यांत होतं. आधी हॉप्सचा ताजा वास जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि शेवटी एक चिकट, मधासारखा गोडवा उरतो.

हिरव्या बाटलीला आणखी एक धोका असतो, तो प्रकाशाचा. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि त्याचा उग्र, जळक्या रबरासारखा वास येतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, कॅनमध्ये तर प्रश्नच येत नाही. हे घरी करून बघता येतं. एकाच बाटलीतली लागर दोन काचेच्या ग्लासांत ओता, एक ग्लास कपाटात ठेवा आणि दुसरा गॅलरीत कडक उन्हात दहा-पंधरा मिनिटं. मग दोन्ही हुंगा. उन्हातल्या ग्लासाला जो वास येतो तोच वास अनेकांच्या मनात ‘खऱ्या फॉरेन बिअरचा वास’ म्हणून बसलेला आहे. वर्षानुवर्षं जी बाटली ट्यूबलाइटखालच्या काचेच्या फ्रीजमधून मिळाली तिचा दोष हीच तिची ओळख झाली, आणि मग ताजी, स्वच्छ वासाची तळोज्याची बिअर पाणचट वाटू लागली.

म्हणून फिकट लागर घ्यायची असेल तर मी डोळे झाकून ताजी, जवळ बनलेली बाटली घेईन. अशा बिअरमध्ये दोष लपवायला जागाच नसते आणि वय तिला सोसत नाही. कडक स्टाउट किंवा बाटलीतच यीस्ट जिवंत ठेवलेल्या बेल्जियन बिअर यांची गोष्ट वेगळी. त्या प्रवास झेलतात, काही तर वर्ष-दोन वर्षांत मुरून चांगल्या होतात. त्यातही ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठांचा शिक्का असलेल्या बिअरला लायसन्सचा पर्यायच नाही, कारण ती मठाच्या आवारातच बनली पाहिजे असा नियम आहे. तिथे इम्पोर्टेडचे जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे. बाकी बाबतीत ती किंमत मुख्यतः आयातकराची असते, चवीची नाही. भारतात आयात बिअरवर मूळ सीमाशुल्कच १०० टक्के राहिलेलं आहे.

ग्राहकाला अंधारात ठेवलं जातं ही तक्रार मात्र खरी आहे. ब्रेमेनची बेक्स २०१२ पासून अमेरिकेत सेंट लुईसला बनू लागली, पण वेष्टनावर जर्मन परंपरेचे गोडवे तसेच राहिले. ‘अमेरिकेत उत्पादित’ ही ओळ होती, पण बारीक अक्षरात आणि चटकन दिसणार नाही अशी. ग्राहक कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये कंपनीने तडजोड करून परतावे दिले, पावत्या असतील तर घरटी ५० डॉलरपर्यंत. जमैकाच्या रेड स्ट्राइपवर असाच दावा झाला, तो मात्र कोर्टाने फेटाळला. पुढे हायनेकेनने तो ब्रँड घेतल्यावर अमेरिकेत विकायची रेड स्ट्राइप पुन्हा जमैकात बनू लागली.

आपल्या दुकानात हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. समोरचं लेबल सोडा, बाटली फिरवा. इथे बनलेल्या बिअरवर कारखान्याचं नाव आणि गाव छापलेलं असतं. आयात बाटलीवर बहुधा वेगळा चिकटवलेला कागद असतो, त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश. मग अल्कोहोलचा आकडा पाहा, कारण महाराष्ट्रात ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्यावर स्ट्राँग, आणि त्यानुसार कर बदलतो. सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाची, भरल्याची तारीख. लागर तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्या, मग ती तळोज्याची असो की नेदरलँड्सची. आठ-नऊ महिन्यांची असेल तर दुकानदाराला दुसरी बाटली मागा, आणि ती शक्यतो खोक्यातून काढून द्यायला सांगा, काचेच्या फ्रीजच्या पुढच्या रांगेतली नको.