लागवडीच्या झाडांची खोल मुळे (उष्ण कटिबंध)

लाकूड, कागदाचा लगदा, लोणारी कोळसा किंवा रबर यांसाठी उष्ण प्रदेशात लावलेल्या झाडांची जी मुळे जमिनीत एक मीटरच्या खाली उतरतात, त्यांना वनशास्त्रात साधारणपणे खोल मुळे म्हणतात. खोल, भुसभुशीत जमिनीत ही मुळे पंधरा मीटरपलीकडेही जातात. त्यांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झालेला वृक्ष निलगिरी आहे. निलगिरी पाणी पिते की नाही, हा आपल्याकडे चार दशके रंगलेला वाद मुळांच्या या खोलीशी जोडून पाहिला, तरच नीट उलगडतो.

झाडाची बहुतांश बारीक मुळे वरच्या हात-दोन हात मातीत असतात. खाली खणणे कष्टाचे आणि खर्चाचे असल्याने अभ्यासकही बराच काळ तेवढ्यावरच थांबत. १९९६ मध्ये जोसेप कानादेल आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या २९० नोंदी आणि २५३ वनस्पतिजाती एकत्र मांडल्या, तेव्हा मुळांच्या कमाल खोलीची सरासरी ४.६ मीटर निघाली. सर्वांत खोल नोंद कालाहारी वाळवंटातल्या बोस्किया अल्बिट्रंका या झाडाची होती, ६८ मीटर. त्याआधी १९९४ मध्ये डॅनियल नेपस्टॅड यांच्या गटाने ब्राझीलमधल्या पारागोमिनास येथे ॲमेझॉनच्या जंगलातली मुळे १८ मीटरपर्यंत सापडल्याचे दाखवले होते. महिनोन्‌महिने पाऊस नसतानाही ते जंगल हिरवे का राहते, याचे उत्तर त्या खोलीत होते.

लागवडीच्या झाडांबाबत ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातले इतातिंगा हे ठिकाण महत्त्वाचे आहे. तेथे साओ पावलो विद्यापीठाचे वनसंशोधन केंद्र आहे आणि फ्रान्सच्या सिराद या संस्थेचे शास्त्रज्ञ तेथे वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. माती वालुकामय, झिजून झिजून खोल झालेली, मध्ये खडक नाही. निलगिरीची कापणी सहा-सात वर्षांनी होते. माथियास क्रिस्तिना, ज्याँ-पॉल लाक्लो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लागवडीत खोलवर नळीने माती काढून प्रत्येक थरातली मुळे तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सर्वांत खालचे मूळ झाडाच्या उंचीच्या सुमारे ८५ टक्के खोलीवर असते. म्हणजे झाड १२ मीटर उंच झाले, की मूळ १० मीटरवर पोचलेले असते. शेंडा वर जातो, तसे मूळ जवळजवळ त्याच वेगाने खाली जाते. पुढे त्याच केंद्रात निलगिरी आणि अकेशिया मॅन्जियम यांच्या मिश्र लागवडीतली बारीक मुळे १७ मीटर खोलीपर्यंत मोजली गेली.

एवढ्या खाली मुळे फार विरळ असतात. पण ती बारीक असल्याने थोड्या वस्तुमानात झाडाला बरीच लांबी मिळते. शिवाय पाणी पोचवण्यासाठी दाट जाळे लागतच नाही. वरचा थर कोरडा पडला, की खालची मोजकी मुळे झाड जगवतात. पोषणाचेही तसेच आहे. पोटॅशियमच्या जागी रुबिडियम आणि कॅल्शियमच्या जागी स्ट्राँशियम अशी खुणेची द्रव्ये इतातिंग्यात तीन मीटरपर्यंत वेगवेगळ्या खोलीवर सोडून पाहिली, तेव्हा तेवढ्याच लांबीची खालची मुळे ही द्रव्ये वरच्या मुळांपेक्षा जास्त वेगाने घेत असल्याचे दिसले. नायट्रेटबाबत असा फरक आढळला नाही. कापणीनंतर पावसाबरोबर खाली झिरपलेली अन्नद्रव्येही पुढच्या पिकाची मुळे वाटेतच गाठतात.

मात्र खोलीवरचे पाणी दरवर्षी भरत नाही. कापणी झाली, की जमीन काही काळ उघडी राहते, रोपे लहान असतात, आणि पावसाचे पाणी खालपर्यंत मुरते. नव्या पिकाची मुळे खाली उतरताना हा साठा थर-थर करून रिकामा करतात. पानांचा पसारा भरला, की बहुतेक पाऊस वरच्या काही मीटरमध्येच संपतो आणि खोल थरापर्यंत फारसे काही पोचत नाही. त्यानंतरच्या दुष्काळी वर्षात झाडाची भिस्त भूजलाच्या जवळ पोचलेल्या मुळांवर राहते. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांतली जोमदार वाढ पाहून त्या जागेचा कायमचा कस ठरवणे मला चुकीचे वाटते. त्या वाढीचा एक भाग आधी साठलेल्या पाण्यावर झालेला असतो.

भारतात याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कर्नाटकातून आला. निलगिरी तेथे जुनी आहे. टिपू सुलतानाने ती सुमारे १७९० मध्ये नंदीच्या डोंगरावर आणली, असे सांगितले जाते. सामाजिक वनीकरणाच्या काळात शेतजमिनींवर तिच्या रांगा उभ्या राहिल्या आणि विहिरी आटल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. ब्रिटिश जलशास्त्रज्ञ इयान काल्डर आणि भारतीय सहकाऱ्यांनी तेथे प्रत्यक्ष मोजमाप केले. देवबाळ आणि पुरदाळ येथे माती सुमारे तीन मीटर खोल होती. तेथे कोवळ्या निलगिरीने वापरलेले पाणी शेजारच्या पानगळीच्या जंगलापेक्षा जास्त नव्हते आणि ते वर्षाच्या पावसाएवढेच होते. बंगळूरजवळच्या होसकोटे येथे माती आठ मीटरहून खोल होती. तेथे तीन वर्षांत पाऊस पडला २,१०० मिलिमीटर आणि झाडांनी वापरले अंदाजे ३,४०० मिलिमीटर. वरचे १,३०० मिलिमीटर वर्षाला अडीच मीटरहून जास्त वेगाने खाली सरकणाऱ्या मुळांनी जमिनीतल्या जुन्या ओलीतून उपसले होते. मुळांनी थेट भूजल ओढल्याचा पुरावा मात्र कुठल्याच ठिकाणी मिळाला नाही. विहिरीवरचा परिणाम होतो तो दुसऱ्या वाटेने. खालचे कोरडे थर आधी भिजल्याशिवाय पावसाचे पाणी भूजलापर्यंत पोचत नाही. नाचणीसारख्या हंगामी पिकाच्या शेतात हा अडसर नसतो, कारण झाडांचा वर्षाचा पाणीवापर तशा पिकाच्या साधारण दुप्पट भरला. २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. शेतकऱ्यांची तक्रार खरी होती असे मी मानतो. पण एकाच जातीला सगळा दोष देताना होसकोटे आणि देवबाळ यांच्यातला मातीचा फरक विसरला जातो.

मूळ किती खाली जाईल, हे जातीइतकेच जमिनीवर ठरते. कातळ, घट्ट चिकणमातीचा थर, साचलेले पाणी आणि त्यामुळे हवेचा अभाव, आम्लधर्मी मातीतले विषारी ॲल्युमिनियम, यांपैकी काहीही मुळाला अडवते. उलट, कुजून गेलेल्या जुन्या मुळांच्या पोकळ्या नव्या मुळाला आयती वाट देतात. कलमापासून केलेल्या निलगिरीच्या रोपाला बियाच्या रोपासारखे खरे सोटमूळ नसते, तरी त्याची काही मुळे वळून सरळ खाली उतरतात. रोपवाटिकेत पिशवीच्या तळाशी वेटोळे घातलेले मूळ मात्र शेतात लावल्यावरही बरेचदा तसेच गुंडाळलेले राहते आणि झाड वादळात उन्मळते. साग जडीपासून लावतात. वर्षभराच्या रोपाचे खोड बोटभर आणि मूळ वीतभर ठेवून बाकी छाटतात, म्हणजे मूळचे सोटमूळ तुटलेलेच असते, आणि तरीही चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत नवी मुळे खाली जातात. नारळ आणि तेलताड एकदल असल्याने त्यांना सोटमूळ नसतेच. बुंध्यातून निघालेल्या त्यांच्या दोरीसारख्या मुळांचा भर वरच्या थरांवर राहतो.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे. वर काळी किंवा बरड माती, मग मुरूम, मग कातळ. इतातिंग्यासारखी सलग खोली येथे क्वचितच मिळते. मूळ मुरमातून उतरते आणि पुढे कातळाच्या भेगा धरून जाते. नाशिक जिल्ह्यात १९८०च्या दशकात शेतकऱ्यांनी निलगिरीची सहकारी संस्था उभी केली, तेव्हा ब्राझीलमधली ही मोजमापे झालेली नव्हती. आज ती हाती आहेत, आणि लागवडीआधी शेताखाली काय आहे ते पाहायला यंत्रही लागत नाही. शिवारातल्या न बांधलेल्या विहिरीच्या काठावर मातीचा, मुरमाचा आणि कातळाचा थर उघडा दिसतो. जवळ जुने झाड असेल, तर त्याची मुळे कोणत्या थरापर्यंत पोचून थांबली आहेत, तेही तिथेच दिसते.